ओसरीवरून : गडावरचा बोकड आणि घरचा कोहळा

वणीच्या आमच्या घराची ओसरी उत्तराभिमुख आहे. वास्तुशास्त्रांतील जाणत्यांस ती रुचो वा न रुचो, आमच्या पूर्वजांनीं ती तशी ठेवली, ती तेथून गड दिसतो म्हणून. भाद्रपद सरत आला कीं पावसाचा पडदा मधून मधून बाजूस होतो आणि सप्तशृंगाचीं तीं ओबडधोबड शिखरें धुऊन पुसून ठेवल्यासारखीं समोर उभीं राहतात. शेजारीं मार्कंडेयाचा डोंगर. मार्कंडेय ऋषि तेथें बसून देवीचें माहात्म्य सांगत आणि देवी मान किंचित् कलती करून तें ऐकत असे, ही कथा आमच्याकडील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. गड कळवण तालुक्यांत, आम्ही दिंडोरी तालुक्यांत. परंतु खानदेशांतून पायीं येणारा यात्रेकरू काय, मुंबईहून मोटारीनें येणारा काय, देवीला ‘वणीची देवी’ असेंच म्हणतो. त्यामुळें गडावर कांहीं झालें कीं त्याची चर्चा आमच्या ओसरीवर होणें हें ओघानेंच आलें.

यंदाच्या पितृपंधरवड्यांत ही चर्चा पुन्हा पेटली. विषय जुनाच, दसऱ्याच्या बोकडाचा.

ज्या वाचकांस हें प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं तें थोडक्यांत सांगतों. दसऱ्यास गडावर बोकडाचा बळी देण्याची व त्या वेळीं बंदुकीच्या फैरी झाडून देवीस मानवंदना देण्याची चाल पुष्कळ वर्षांची आहे. २०१६ सालच्या दसऱ्यास या मानवंदनेच्या वेळीं बंदूक चुकून भलत्याच बाजूस उडाली आणि सुमारें डझनभर माणसें छऱ्यांनीं जखमी झालीं. पुढल्या वर्षापासून प्रशासनानें बळीची प्रथाच बंद केली. चुकली बंदूक आणि बंद झाला बोकड, असा हा न्याय आमच्या धाकट्या चुलत्यांनीं त्याच वेळीं विनोदानें बोलून दाखविला होता. त्यांत विनोदापेक्षां अर्थ अधिक होता हें मागाहून कळलें. पांच वर्षें बंदी चालली. पुढें एका आदिवासी संस्थेनें मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि सप्टेंबर २०२२ मध्यें, त्या वर्षींच्या दसऱ्याच्या तोंडावर, न्यायालयानें प्रथेस पुन्हा मोकळीक दिली.

ओसरीवर बसलेल्यांत आमचा पुण्याचा पुतण्या होता. तो इंजिनियर आहे, बुद्धिप्रामाण्यवादी आहे, आणि ज्या ज्या वेळीं वणीस येतो त्या त्या वेळीं आम्हां सर्वांस विसाव्या शतकाच्या प्रारंभीं गांठतो, अशी त्याची समजूत आहे. तो म्हणाला, “काका, विज्ञानयुगांत देवीपुढें मुका प्राणी कापायचा आणि न्यायालयानें त्याला होकार द्यायचा, याला धर्मनिरपेक्ष राज्य म्हणतात काय?”

पायरीवर दाजी बसले होते. दाजी म्हणजे आमच्या द्राक्षबागेचे जुने वाटेकरी, कोकणा समाजाचे, सत्तरी ओलांडलेले. ऑक्टोबरच्या छाटणीच्या मजुरांचें ठरविण्यास ते आले होते. ते बोलण्यांत पडत नाहींत, परंतु त्या दिवशीं त्यांनीं चहाची बशी खालीं ठेवली आणि म्हणाले, “भाऊ, तुमच्या घरीं नवरात्रांत कोहळा कापत्यात नव्हं? त्याला कुंकू लावून? त्यो कशापाई?”

पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं गडाकडे पाहिलें.

नवरात्रांतल्या होमाच्या शेवटीं आमच्या घरांत कोहळ्याचा बळी दिला जातो. त्यास शास्त्रांत कूष्मांडबलि म्हणतात. कोहळ्यास कुंकू माखून तो एका घावांत दुभंगावयाचा, हा नियम. हा घाव घालण्याचें काम गेलीं तीन वर्षें आमच्याकडे आलें आहे. त्याचें कारण पुढें येईल. कोहळा हा कशाचा प्रतिनिधि आहे हें विधि करणारास व सांगणारास दोघांसही पक्कें ठाऊक असतें, आणि दोघेही तें बोलत नाहींत. वैदिक सोमयागांत पशु होता. त्याच्या जागीं पिठाचा पशु करावा कीं करूं नये, यावर आपल्या शास्त्र्यांनीं शतकानुशतकें वाद घातले आणि माध्वांनीं पिष्टपशूचा पुरस्कार केला, हेंही जुन्या घरांतून ठाऊक आहे. म्हणजे पशु सोडून कोहळ्यावर येण्यास आपणांस कोणा कलेक्टराचा हुकूम लागला नाहीं हें खरें. परंतु आपण एके काळीं पशूपाशींच होतों हेंही तितकेंच खरें. दाजींचा प्रश्न एवढाच होता, आणि त्यांत कुत्सितपणा नव्हता. पुढें ते एवढेंच म्हणाले, “तुमचा कोहळा कुनी खात नाय. आमच्या बोकडाचा परसाद समद्या पाड्यावर जातो.”

येथपर्यंत हा वाद करमणुकीचा होता. आतां त्यांतील गांभीर्य पाहूं.

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आपण फार सैल वापरतों. इंग्लंडांत जॉर्ज जेकब होलिओक यानें १८५१ च्या सुमारास ‘सेक्युलॅरिझम’ हें नांव प्रचारांत आणलें, तें ज्ञान व नीति यांचा पाया इहलोकींच शोधावा या मताचें नांव म्हणून. आपल्याकडे त्या शब्दास इहवाद, ऐहिकता, निधर्मीपणा असे नाना प्रतिशब्द मिळाले. १९७६ सालीं ४२ व्या घटनादुरुस्तीनें तो शब्द आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेंत आला, तेव्हां हिंदी पाठांत ‘पंथनिरपेक्ष’ असें झालें आणि मराठी पाठांत ‘धर्मनिरपेक्ष’. हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. मराठी माणूस तो शब्द ऐकतो आणि ‘ज्यास धर्माशीं कांहीं कर्तव्य नाहीं असें राज्य’ असा अर्थ मनांत धरतो. प्रत्यक्षांत आपलें राज्य तसें नाहीं आणि घटनेनें तें तसें कल्पिलेलेंही नाहीं. पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास धर्माचरणाचें स्वातंत्र्य दिलें; त्याच कलमानें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादा घातल्या; आणि त्याच कलमानें हिंदूंचीं सार्वजनिक देवस्थानें सर्व वर्गांस खुलीं करण्याचा अधिकार सरकारास दिला. जें राज्य देवळाचा दरवाजा उघडण्यास हात घालूं शकतें तें धर्माविषयीं उदासीन कसें म्हणावें?

गडाचेंच उदाहरण घ्या. तेथील विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदीं न्यायाधीश असतात. देवस्थानाचे हिशेब १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखालीं राहतात. २०२२ सालीं देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदुराचा थर उतरविण्यांत आला, तेव्हां सुमारें दोन महिने दर्शन बंद होतें. अकराशें किलोंच्या आसपास शेंदूर निघाला असें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें, आणि आंतून अठरा हातांची जी मूर्ति प्रकटली ती पाहून आमच्या आईच्या डोळ्यांना पाणी आलें. शेंदूर चढविणारे भक्त, आणि तो उतरविण्याचा निर्णय करण्याच्या मार्गांत न्यायाधीश, जाणकार, अधिकारी व पुजारी असे सर्वजण. तेव्हां कोणी धर्म बुडाला म्हणून ओरडला नाहीं. म्हणजे मूर्तीवरील थर काढण्यास आपली हरकत नसते. आपली हरकत सुरू होते ती आपल्या अंगावरचा थर काढतांना.

बोकडाच्या प्रश्नीं कायदाही आपण समजतों तितका सरळ नाहीं. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचें २८ वें कलम असें कीं, कोणत्याही समाजाच्या धर्मास आवश्यक अशा रीतीनें प्राणी मारणें हा त्या कायद्याखालीं अपराध होत नाहीं. उलट केरळांत १९६८ सालीं देवळांतील पशुबळी बंद करणारा कायदा झाला. तामिळनाडूंत तसा कायदा १९५० पासून होता. तो अर्धशतक कपाटांत पडून राहिला, २००३ सालीं एकाएकीं अमलांत आला, आणि खेड्यापाड्यांतून इतका असंतोष उठला कीं २००४ सालीं तो रद्दच करावा लागला. हिमाचल प्रदेशांत २०१४ सालीं तेथील उच्च न्यायालयानें देवळांतील बळी थांबविले. एकाच देशांत एकाच कृत्यास इतके निरनिराळे न्याय मिळाले, तेव्हां ‘विज्ञानयुग’ हा एक शब्द उच्चारून प्रश्न सुटला असें मानणें धाडसाचें आहे.

यांतली खरी अडचण अशी, कीं १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून आपल्या न्यायालयांनीं एक कसोटी लावली आहे : अमुक आचार त्या धर्माचा आवश्यक भाग आहे कीं नाहीं? ही कसोटी लावावयाची म्हणजे न्यायाधीशानें काळा डगला घालून शास्त्र्याच्या पाटावर बसावयाचें. वेदपुराणें ज्यांची लिहिलेलीं आहेत त्यांस ‘आवश्यक’ काय तें श्लोकांनीं दाखवितां येतें. ज्यांचा धर्म डोंगरांत, गाण्यांत आणि वाडवडिलांच्या सांगण्यांत आहे, त्या कोकणा, महादेव कोळी, भिल्ल लोकांनीं कोणती पोथी काढून दाखवावी? आमच्या पुतण्याच्या बुद्धिवादाविषयीं आम्हांस आदर आहे, पण त्यास हा प्रश्न सुचला नाहीं याचें कारण बुद्धिवाद नव्हे. पोथी आपल्या माजघरांत आहे, हें आहे.

म्हणून आम्ही बोकडाच्या बाजूचे झालों असें वाचकांनीं समजूं नये. तो कापला जाऊं नये असेंच आम्हांस वाटतें. परंतु तें कोणी कोणास सांगावें, याचा विचार केल्यावांचून जी धर्मचिकित्सा होते ती दुसऱ्याच्या अंगणांतला केर दाखविण्यापलीकडे जात नाहीं.

गाडगेमहाराजांनीं जत्रांतून होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध जन्मभर कीर्तनें केलीं. नाशकास त्यांची धर्मशाळा आहे. गोदेच्या कांठीं जाणाऱ्यांनीं ती पाहिली असेल. हातांत खराटा, अंगावर चिंध्या, आणि समोर तेच लोक, जे उद्यां देवाला बोकड नेणार. ‘देवाला नवस बोलतां तो देव तुमचा बोकड मागायला स्वतः आला होता काय?’ अशा धर्तीचे प्रश्न विचारून ते ऐकणारांस निरुत्तर करीत. आणि लोक ऐकत. कां ऐकत? एक कारण आपणांस ठाऊक आहे. स्वतःच्या मुलीच्या बारशास जातीच्या रूढीप्रमाणें मटण आणि दारू घालावयाची, तेथें त्यांनीं गोडाचें जेवण घातलें. भाऊबंद रागावले. म्हणजे दुसऱ्याच्या बोकडाविषयीं बोलण्यापूर्वीं त्यांनीं घरचा बोकड सोडला होता. तें २० डिसेंबर १९५६ रोजीं वारले. त्यांच्यासारखा अधिकार घेऊन बोलणारा मनुष्य नंतर विरळा.

आपल्या वर्गांतही असा अधिकार मिळविणारीं माणसें झालीं नाहींत असें नाहीं. आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला आणि पुण्यांतील सनातन्यांनीं त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकरांनीं टीका केली ती आदिवासींच्या देवावर नव्हे. केशवपनावर, बालविवाहावर, सोवळ्याओवळ्यावर. म्हणजे स्वतःच्या आळींत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत तयार झालेले शास्त्री. त्यांनीं ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली, आणि ती करण्यास त्यांना शास्त्र टाकावें लागलें नाहीं, शास्त्रच कामास आलें. आपल्या काळांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं १९८९ पासून अंधश्रद्धानिर्मूलनाचें काम उभें केलें. ‘आम्ही देवाधर्माविरुद्ध नाहीं, शोषणाविरुद्ध आहों’ असें ते हजार वेळां सांगत. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले त्यांत वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, हरिपाठ यांस धक्का लागणार नाहीं असें स्पष्ट लिहिलेलें आहे. तरी २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास गेले असतां पुण्यांत त्यांस गोळ्या घातल्या. सरकारनें त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम काढला आणि डिसेंबरांत कायदा झाला. मे २०२४ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें दोघांस जन्मठेपेची शिक्षा दिली व तिघांस सोडून दिलें. आगरकरांची खोटी प्रेतयात्रा आणि दाभोलकरांची खरी, यांमध्यें सव्वाशें वर्षांचें अंतर आहे. तें पुढें गेल्याचें कीं मागें गेल्याचें, तें ज्यानें त्यानें ठरवावें.

परंतु नाशिक जिल्ह्यांतील मनुष्यानें धर्मचिकित्सेची गोष्ट काढावी आणि काळाराम मंदिर वगळावें, हें होऊं शकत नाहीं. तें वगळण्याची आपणांस संवय आहे म्हणूनच येथें थांबणें अवश्य.

२ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक पंचवटींत काळारामाच्या देवळाकडे गेली. दरवाजे बंद होते. सत्याग्रही चारी दरवाजांपुढें बसले. भाऊराव गायकवाड, ज्यांस पुढें सर्व महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखूं लागला, ते या लढ्याचे कणा होते. ९ एप्रिलास रामनवमीच्या रथाचा दोर उभयतांनीं ओढावा असें ठरलें होतें. तें मोडलें, दगडफेक झाली, माणसें रक्तबंबाळ झालीं. हा लढा पांच वर्षें रेंगाळला. ३ मार्च १९३४ रोजीं आंबेडकरांनीं गायकवाडांस पत्र लिहून सत्याग्रह पुढें न चालविण्याचा सल्ला दिला. देवळांत गेल्यानें अस्पृश्यांची उन्नति होईल असें त्यांनीं कधींच मानलें नव्हतें. माणूस म्हणून हक्क मान्य होतो कीं नाहीं एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें, आणि तें त्यांनीं पाहिलें. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास, म्हणजे आमच्याच जिल्ह्यांत, त्यांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें. आणि एकवीस वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास, तो शब्द खरा केला.

आमचे आजोबा त्या वर्षीं नाशकास शिकत होते व पंचवटींतच एका नातलगाच्या घरीं राहत होते. म्हातारपणीं ते पुष्कळ गोष्टी सांगत. गोदेचा पूर, कुंभमेळा, रॅशनचे दिवस. काळारामाची गोष्ट मात्र त्यांनीं एकदांच सांगितली, आणि तीही विचारल्यावर. म्हणाले, “गलका ऐकूं आला. मी खिडकी लावून घेतली. परीक्षा जवळ आली होती.” आम्हीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. दगड मारणारांत ते नव्हते याचा आम्हांस तेव्हां अभिमान वाटला होता. आतां वाटतें, त्या दिवशीं पंचवटींत दगड मारणारे किती थोडे असतील आणि खिडक्या लावून घेणारे किती असतील!

पुढें कायदे झाले. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण केलें व विठ्ठलाचें मंदिर हरिजनांस उघडलें. त्याच वर्षीं मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा आला, १९५६ सालीं तो आणखी व्यापक झाला. हा १९५६ चा कायदा किती लांब हाताचा आहे तें २०१६ सालीं कळलें. शनिशिंगणापुरच्या चौथऱ्याचें प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, तेव्हां जेथें पुरुषांस जातां येतें तेथें स्त्रियांस अडवितां येणार नाहीं, हें त्याच कायद्याच्या आधारें ठरलें, आणि आमच्या त्र्यंबकेश्वराच्या गर्भगृहाचा प्रश्नही ऐरणीवर आला. म्हणजे राज्यानें जें उघडावयाचें तें पुष्कळसें उघडलें आहे. राहिले ते दरवाजे, ज्यांवर राज्याची सत्ता चालत नाहीं.

ओसरीवरची आमची चर्चा त्या सायंकाळीं अशीच रंगली होती. काळाराम झाला, आगरकर झाले, घटनेचीं कलमें झालीं. पुतण्या थोडा नरमला होता. दाजी मजुरांचें ठरवून गेले होते. आणि आम्हीं या महिन्याचा लेख मनांत जवळजवळ पुरा केला होता. त्याचें शीर्षकही ठरलें होतें. तेवढ्यांत आमची पुतणी, जी नाशकास कायद्याचा अभ्यास करते आणि जी इतका वेळ उंबऱ्यावर बसून भाजी निवडीत होती, तिनें मान वर न करतां विचारलें :

“काका, गडावरच्या बोकडाविषयीं तुम्ही लिहाल. काळारामाविषयींही लिहाल. आपल्या घरांत आई तीन वर्षें देवीची ओटी भरीत नाहीं, त्याविषयीं केव्हां लिहिणार?”

आमचे थोरले बंधु तीन वर्षांपूर्वीं वारले. म्हणून कोहळ्यावरचा घाव आमच्याकडे आला. त्यांच्या पाठीमागें वहिनी नवरात्राचें सर्व करतात. घटासाठीं शेतांतली माती चाळून घेणें, नऊ दिवसांच्या माळा, पुरणाचा स्वयंपाक, सवाष्ण-कुमारिकांचीं बोलावणीं, सर्व. शिध्याची यादी त्यांच्याशिवाय होत नाहीं. मात्र अष्टमीस ओटी भरावयाची वेळ आली कीं त्या स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन उभ्या राहतात. कोणी त्यांस ‘तिकडे जा’ असें म्हटलेलें नाहीं. म्हणावें लागलें नाहीं, एवढेंच. पहिल्या वर्षीं त्या आपण होऊन बाजूस झाल्या, आणि आम्हां सर्वांस हायसें वाटलें.

आम्हीं पुतणीस जें उत्तर दिलें तें छापण्याजोगें नाहीं, कारण तें प्रत्येक घरांतल्या कर्त्याचें असतें : “माझें कांहीं नाहीं ग, पण आजीला काय वाटेल?” २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापुर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवांच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला व राज्य सरकारनें त्याचें अनुकरण करण्याचें परिपत्रक इतर ग्रामपंचायतींस धाडलें, तेव्हां याच सदरांत आम्हीं त्या गांवाची तोंड भरून स्तुति केली होती. तो अंक आमच्या घरांतही आला होता. वहिनींनीं तो वाचला असेल, हें त्या सायंकाळपर्यंत आमच्या मनांत आलें नव्हतें.

आईचें वय आतां सत्त्याऐंशी. ती आंत देवघरापाशीं वाती वळीत होती आणि तिला ऐकूं कमी येतें असा आमचा समज होता. ती तेथूनच म्हणाली, “माझं नांव पुढं करूं नकोस. बावीस वर्षं झालीं तुझे वडील जाऊन. मला तरी कुणीं विचारलं होतं?”

ओसरीवर कोणी बोललें नाहीं. पुतण्या, जो विज्ञानयुगाविषयीं इतकें बोलत होता, तो मोबाईल पाहूं लागला. आम्हांस आजोबांची खिडकी आठवली.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं वहिनींकडे गेलों. साठी उलटलेल्या दिरानें अशा गोष्टी बोलावयाच्या कशा, याची संवय आपल्या घरांतून नसते. आम्हींही प्रथम तांदुळाच्या भावाविषयीं बोललों. मग यंदा अष्टमीस ओटी तुम्हीं भरावी असें कसेंबसें सांगितलें. त्या निमूटपणें ऐकत होत्या. सुधारणेचें दान दिल्यावर जो आनंद समोरच्या मुखावर दिसावा अशी आपली अपेक्षा असते, तो दिसला नाहीं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, देवीचं आणि माझं काय तें मी पाहीन. गेल्या चैत्रांत गडावर गेलें होतें, तेव्हां खण-नारळ मी माझ्या हातानं दिला. तिथं मला कुणीं विचारलं नाहीं, मी कोण म्हणून. घरांत मात्र विचार चालला आहे. तुम्ही ‘भरूं द्यावी’ म्हणतां, तें ‘द्यावी’ मला नको. शिध्याच्या यादीला जशी हांक मारतां तशी पूजेला मारा. मग यायचं कीं नाहीं तें माझं मी ठरवीन.”

हें बोलून त्या दुधाचें भांडें झांकावयास उठल्या.

घटस्थापनेस आतां चार दिवस आहेत. माती चाळून झाली आहे. बाजारांतून कोहळा आणावयाचा कीं नाहीं यावर पुतण्यानें पुण्याहून एक लांबलचक पत्र धाडलें आहे. त्यांत माध्वांच्या पिष्टपशूविषयीं त्यानें मिळविलेली माहिती आमच्याहून अधिक आहे. दाजींनीं छाटणीचे मजूर दसऱ्यानंतर येतील म्हणून कळविलें. दसऱ्यास ते सर्व गडावर जाणार. आईनें काल पेटींतून एक जुना हिरवा खण काढून उन्हांत टाकला. तो कोणासाठीं, हें तिनें सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं. अष्टमीच्या सकाळीं वहिनींस हांक मारावयाचें काम आमच्याकडे आहे.